विटेला हात कुणी लावला

४ फेब्रुवारी

मामा,

...आणि नेमकं तिथेच मामीने फोन ओढून घेतला. म्हणाली, "अगं टिटवे, याला एक अक्षर ऐकू येत नाहीये, नुसता मान हलवतोय. तू आपलं पत्र लिही." म्हणून जिथे तुटलं तिथून पुढे लिहिते. माझ्या मराठी अक्षराला हसायचं नाही. इंग्लिश मीडियमचा हात आहे, आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी हा घोळ अजून आहे, त्यामुळे मोठे आकडे आकड्यातच लिहिणार.

तर मी सांगत होते की कॉम्प्युटरच्या पोटात अगदी तुझ्यासारखा एक माणूस बसलेला असतो. तू स्टेशनच्या सामानघरात चौतीस वर्षं जे केलंस ना, तेच तो करतो. कुणी बॅग घेऊन आलं की तू रिकामा कप्पा बघायचास, बॅग आत ठेवायचास आणि पितळी बिल्ला त्याच्या हातात द्यायचास. बिल्ला परत आला की बॅग परत, कप्पा रिकामा. कॉम्प्युटरमधल्या या सामानघरवाल्याला कर्नल म्हणतात, फौजेतला नव्हे, गाभा या अर्थाने. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या खिडकीपुढे उभे. 'मला जरा जागा दे.' 'हा घे बिल्ला.' 'झालं माझं.' 'आण बिल्ला.' फरक एवढाच की तू दिवसाला दोन-तीनशे बॅगा बघायचास, आणि आमच्या डब्याएवढ्या मशीनमध्ये हे सेकंदाला ३०,००० वेळा होतं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा वाटलं, मोजण्यात चूक झाली. परत मोजलं. तेवढंच. मी त्या दिवशी डबा न खाता नुसती त्या आकड्याकडे बघत बसले होते. एवढी देवाणघेवाण, आणि कुणाची बॅग कुणाकडे जात नाही.

म्हणजे जात नव्हती. आता जातेय.

आमची कंपनी पेशंटच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर बनवते. बोटाला चिमटा लावला की नाडी दाखवतात, ते. गेल्या तीन महिन्यांत सहाशेपैकी चौदा मॉनिटर मध्येच गोठले. बंद पडले असते तर कुणीतरी धावत आलं असतं. हे शेवटचा आकडा दाखवत शांत बसून राहतात. माणसाला काहीही होवो, स्क्रीनवर ७२. आतापर्यंत प्रत्येक वेळी सिस्टर लोकांनी हाताने नाडी बघून पकडलं, म्हणून निभावलं. दर वेळी निभावेलच असं नाही.

मला वाटतं, कुणीतरी परत दिलेला बिल्ला वापरून कप्प्यात हात घालतंय. कप्पा केव्हाच दुसऱ्याला दिलेला असतो, आणि हा आपला समजून त्यात खुशाल काहीतरी ठेवून जातो. पण कोण, कधी, काही पत्ता नाही. ऑफिसात म्हणताहेत की कुणाच्या तरी नव्या बदलामुळे हे सुरू झालं. असेलही.

आमच्यात एक आजोबा आहेत. वय अठ्ठेचाळीस, पण मशीनमधलं निम्मं त्यांनी लिहिलंय म्हणून सगळे आजोबाच म्हणतात. दोन बोटांनी टाइप करतात आणि दिवसाला साधारण चार वाक्यं बोलतात. त्यांनाही सापडत नाहीये.

तुझ्याकडे असं कधी झालं होतं का रे?

तुझी,
टिटवी


९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. कॉम्प्युटरच्या पोटात मी बसलोय हे मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तरीच तो मध्येच गप्प होतो."

झालं होतं, एकदाच. नोकरीच्या सहाव्या वर्षी. एक गृहस्थ आले, बिल्ला हरवला म्हणाले. ओळख पटवली, सही घेतली, बॅग दिली. एकतीस नंबरचा कप्पा रिकामा झाला, तो मी एका दातांच्या डॉक्टरला दिला. आठ दिवसांनी त्या गृहस्थांना जुन्या कोटाच्या खिशात बिल्ला सापडला. आपण पुन्हा कधीतरी बॅग ठेवली असणार असं त्यांना वाटलं. मनात पाप काही नाही. बिल्ला दाखवला, मी बॅग दिली. घरी जाऊन उघडतात तो आत प्लास्टरच्या बावीस कवळ्या. त्यांच्या बायकोने किंकाळी फोडली म्हणे. इकडे डॉक्टर माझ्या खिडकीशी येऊन माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जणू मीच एक बसवून घेतली आहे.

साहेब मला ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणून मग मी एक पद्धत पाडली. कप्पा रिकामा झाला की त्यात एक पांढरी रंगवलेली वीट ठेवायची, आणि वीट कशी ठेवली तेही ठरलेलं, डावा कोपरा पुढे. नवं सामान आलं की आधी वीट बघायची. जागची हलली असेल तर समजायचं की मधल्या काळात कुणीतरी जुन्या बिल्ल्यावर हात घालून गेलं. मग सगळं थांबवून शोध. माझ्यामागून आलेले लोक विटेला हसले. पण तिने पाच वेळा चोर पकडून दिला. चोर कसले, विसराळूच सगळे.

तू कप्प्यावर डोळे लावून बसू नकोस. डोळा लवतो. वीट लवत नाही.

मामी विचारते, जेवतेस ना वेळेवर. मला काय सांगायचं ते मी वर सांगितलं.

तुझा,
मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि कवळ्यांपाशी इतकी हसले की आजोबांनी मान वर केली. मग विटेपाशी आले आणि तेवढा भाग परत वाचला.

अरे, आमच्याकडेही वीट आहे. कर्नल लिहिणाऱ्या लोकांनी कधीच शोधून ठेवलीय. कप्पा रिकामा झाला की त्यात एक ठरलेली खूण भरायची आणि पुढच्याला देताना ती जशीच्या तशी आहे का बघायचं. आम्ही त्याला 'विष घालणं' म्हणतो. तुझी वीट जास्त सभ्य आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी तुला कधी पाहिलं नाही, तू त्यांना पाहिलं नाहीस, आणि दोघांना एकच गोष्ट सुचली. शाळेत मला वाटायचं की कॉम्प्युटर कुणीतरी फार वेगळ्या माणसांनी बनवलाय. त्या माणसांनीही तुझ्यासारखीच खिडकीत बसून कुणाच्या तरी बायकोची किंकाळी ऐकलेली असणार.

विटेने मशीनचा वेग निम्मा होतो, म्हणून एरवी ती बंद ठेवतात. कालपासून टेस्टरूममधल्या आठ मशीनवर मी विटा चालू केल्यात. टेस्टरूम म्हणजे बिनखिडकीची खोली. भिंतीवर आजोबांच्या अक्षरातला एक कागद आहे, कडा पिवळ्या पडलेल्या: 'वायर काढा. मनात दहा मोजा. दुसरी वायर लावा.' चिमट्यांच्या वायरी घेऊन दिवसाला आम्ही हे दोनशे वेळा करतो. दहा मोजताना सगळ्यांचे ओठ हलतात, बाहेरच्याला वाटेल जप चाललाय.

दोन दिवस झाले. एकही वीट हललेली नाही. हलेल.

मामीला म्हणावं, जेवते. खोटं बोलतेय हे तिला कळेल, तरी म्हणावं.

टिटवी


२७ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मामीला जरा सर्दी-खोकला आहे, त्यामुळे घरातलं थोडं माझ्यावर आलंय. या खेपेला ती काही विचारत नाही.

एक विचारायचं होतं. तुमचं मशीन दिसायला कसं असतं? म्हणजे रंग वगैरे. सहज विचारतोय. वीट हलली की कळव.

तुझा,
मामा


३ मार्च

मामा,

तुझं पत्र एवढं छोटं आलं की पाकिटात अजून काही राहिलंय का म्हणून मी ते उलटं करून झटकलं.

मशीन सायीच्या रंगाचं असतं, उजव्या कोपऱ्यात हिरवं गोल बटण, वर धरायला कडी. का रे? मामीचा खोकला कसा आहे?

वीट हललेली नाही. एकोणीस दिवस, आठ मशीनं, दिवसाला दोनशे वेळा. तिकडे हॉस्पिटलांमध्ये मात्र अजून तीन गोठली. सतरा. मला वाटायला लागलंय की आमच्या टेस्टरूममध्ये भूत यायला घाबरतं.

आता एक सांगायचंय, जे मी पहिल्या पत्रात गिळलं. 'कुणाच्या तरी नव्या बदलामुळे' असं लिहिलं होतं ना, तो कुणीतरी मी आहे. कर्नलमधला माझा पहिलावहिला बदल. आधी कप्पा रिकामा झाला की तो बराच वेळ तसाच पडून राहायचा. मी म्हटलं, वाया कशाला घालवायचा, सगळ्यात शेवटी रिकामा झालेला कप्पा सगळ्यात आधी देऊ या, तो हाताशीच असतो. मशीन बरंच चपळ झालं. आजोबा तेव्हा "बरं आहे" म्हणाले होते. त्यांच्या तोंडून बरं आहे म्हणजे काय असतं ते तुला सांगून कळणार नाही, मी आईला फोन करून रडले होते.

तो बदल सगळ्या मशीनमध्ये गेला आणि पुढच्याच आठवड्यात पहिलं मशीन गोठलं.

मॅनेजरबाईंनी ३१ मार्चपर्यंत वेळ दिलाय. तोपर्यंत सापडलं नाही तर माझा बदल काढून टाकायचा, आणि प्रत्येक हॉस्पिटलला कळवायचं की मशीन रोज एकदा बंद करून चालू करा. त्याच तारखेला मला कायम करायचं की नाही तेही ठरणार आहे. पण मामा, खरं सांगू, नोकरीपेक्षा दुसरंच खातंय. कुठेतरी एका खाटेवर कुणीतरी आहे आणि त्याच्या उशाशी मी लिहिलेल्या चार ओळी आहेत.

टिटवी


८ मार्च

चि. टिटवीस,

पत्र वाचलं. तुझ्या वयाला मी डॉक्टरच्या कवळ्या परक्याला दिल्या होत्या, हे लक्षात ठेव. गिळलेलं बाहेर काढलंस, बरं केलंस.

आता मी पाहिलेलं सांगतो, उपयोग झाला तर बघ. ओळखीच्या एक बाई हॉस्पिटलात आहेत, त्यांच्याजवळ मी जरा बसत असतो. वॉर्डात तुमचंच मशीन आहे, सायीचा रंग, हिरवं बटण. मशीन एक आणि खाटा दोन, त्यामुळे ते मधल्या स्टुलावर ठेवलेलं असतं. दोघींच्या बोटाला आपापला चिमटा कायमचा लावलेला, वायरी उशाशी. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मी ११२ म्हणतो, कारण त्यांची नाडी कधीही बघा ११२. आमच्या बाईंची ८८.

तिथे एक डावखुरी सिस्टर आहे. तिचं काम बघत राहावं असं आहे. चोवीस खाटा आणि दोन हात. मशीनपाशी आली की उजव्या हाताने एकीची वायर उपटते आणि त्याच दमात डाव्या हाताने दुसरीची खोचते. खट-खट असे दोन आवाज नाहीतच, एकच खट. तोवर डोळे तिसऱ्याच खाटेकडे.

तर मी असं पाहिलं की ११२ची वायर काढून आमच्या बाईंची लावली, की कधीकधी स्क्रीनवर आधी ११२ येतं. पापणी लवेल एवढाच वेळ. मग ८८. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "काका, चष्म्याचा नंबर बदलून घ्या." पण मी चौतीस वर्षं परक्याच्या हातात परक्याची वस्तू गेलेली लांबून ओळखत आलोय. मशीनने आमच्या बाईंना शेजारणीची बॅग दिली. लगेच परत घेतली, पण दिली.

सवयीने टिपून ठेवलंय. आमच्या बाई: २५ तारखेला १०४, २६ला १०१, २८ला ९८, १ मार्चला ९८, ३ला ९५, ५ला ९१, काल ८८. शेजारणीचा आकडा आला तो २८ला सकाळी, ३ला दुपारी आणि काल दोनदा. दर वेळी ही डावखुरीच. दुसऱ्या सिस्टर सावकाश करतात, तेव्हा नाही येत.

जेवत जा.

तुझा,
मामा


११ मार्च, दुपार

मामा,

हे पत्र मी स्टँडवर बसून लिहितेय. बस सुटायला चाळीस मिनिटं आहेत. पत्राच्या आधी मी पोचेन हे मला माहीत आहे, पण हात स्वस्थ बसत नाहीयेत.

आधी वीट. तुझं पत्र सकाळी ऑफिसात मिळालं. 'एकच खट' वाचलं आणि तशीच टेस्टरूममध्ये गेले. भिंतीवरचा तो कागद. वायर काढा, मनात दहा मोजा. मामा, आम्ही नऊ वर्षं दहा मोजत होतो. मी आजोबांना जाऊन विचारलं, दहा का? ते म्हणाले, "तेव्हाच्या पिना नाजूक होत्या. घाईत मोडायच्या." मी म्हटलं, आणि आता? म्हणाले, "पिना सात वर्षांपूर्वी बदलल्या." पिना गेल्या, जप राहिला.

मी म्हटलं, आजोबा, बोट द्या. एक चिमटा त्यांच्या बोटाला, एक माझ्या. त्यांची वायर मशीनमध्ये, ६४. आणि मी उजव्या हाताने ती उपटायची आणि डाव्याने माझी खोचायची, एका दमात. मला जमेना. मी कुठली डावखुरी, आणि चोवीस खाटा सांभाळणारीचा हात मला कुठून येणार. सहा वेळा खट-खट झालं. आजोबा बोट पुढे धरून उभे. सातव्यांदा एकच खट झालं.

वीट हलली.

स्क्रीनवर लाल ओळी धडाधड वर जायला लागल्या. मी कप्पा उघडून बघितला. जिथे नुसती खूण भरलेली असायला हवी होती तिथे मधोमध ६४ लिहिलेलं होतं. आजोबांची नाडी. ज्या कप्प्यात आता कुणीच नव्हतं तिथे त्यांच्या काळजाचा आकडा येऊन पडला होता. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "निरोप्या."

झालं असं. प्रत्येक वायरीमागे एक निरोप्या असतो, तो दर अर्ध्या सेकंदाला नाडीचा आकडा कप्प्यात नेऊन ठेवतो. वायर निघाली की त्याला थांबवायचं आणि मग कप्पा रिकामा करायचा. दहा मोजले की हे व्यवस्थित होतं. पण त्याला थांबवण्याआधीच दुसरी वायर आली तर मशीन नव्या पाहुण्याच्या गडबडीत लागतं, कप्पा रिकामा करून मोकळं होतं, आणि जुन्या निरोप्याला सांगायचं राहून जातं. त्याच्या खिशात बिल्ला तसाच. तो बिचारा येतो आणि आकडा ठेवून जातो. तुझ्या कोटवाल्या गृहस्थांसारखा, मनात पाप काही नाही. पूर्वी कप्पा रिकामाच पडलेला असायचा म्हणून नऊ वर्षं कुणाला कळलं नाही. मी तो लगेच दुसऱ्याला द्यायला लागले. नव्या वायरीला मिळाला तर शेजारणीचा आकडा चमकून जातो. स्क्रीन रंगवणाऱ्याला मिळाला तर स्क्रीन गोठते.

मी नाचायच्या बेतात होते. आजोबांना दाखवायला तुझं पत्र परत वाचायला घेतलं, तुझे आकडे बघितले, आणि नाचायचं राहून गेलं.

ओळखीच्या बाईची नाडी कुणी दहा-बारा दिवस टिपून ठेवतं का, मामा?

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि आमच्या यादीत तुमच्या गावचं एकच हॉस्पिटल आहे, म्हणून तिथल्या वॉर्डात फोन केला. बोलता बोलता पलीकडे एकच खट ऐकू आलं, म्हणजे ती डावखुरी सिस्टरच असणार. मी एवढंच सांगू शकले की दर वेळी वायर बदलली की मशीन बंद करून चालू करा, आणि त्या काकूंची नाडी हाताने बघा, आत्ता, प्लीज. ती म्हणाली, "हातानेच बघतो हो आम्ही. मशीन तुमच्या समाधानासाठी."

बस लागली. मी येतेय.

टिटवी


२० मार्च

चि. टिटवीस,

मामी परवा घरी आली. चालते, बोलते, आणि मुख्य म्हणजे ओरडते. न्यूमोनिया होता. तुझ्या डोक्यावर आधीच चौदा मशीनं, त्यात पंधरावं कशाला, असं मला वाटलं. आयुष्यभर लोकांचं सामान सांभाळलं आणि एवढी एक गोष्ट तुझ्यापासून सांभाळता आली नाही. आकडे लिहायला नको होते, पण आकडे न लिहिता मला सांगताच येत नाही.

तू वॉर्डात शिरलीस तेव्हाचं तुला आठवत नसेल. तू आधी मशीनकडे गेलीस. गुडघ्यावर बसून त्याच्या मागचा नंबर वाचलास, हिरवं बटण दाबून ते बंद-चालू केलंस, आणि मग मान वर करून मामीकडे बघितलंस. मामी म्हणाली, "आली. आधी देवाच्या पाया पडली, मग माणसांच्या." मग तू तिचं मनगट धरलंस आणि घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट मोजलंस. तुझे ओठ हलत होते. मशीन म्हणत होतं ८४ आणि तू म्हणालीस ८४. त्यानंतर तू जे रडलीस ते चोवीस खाटांनी बघितलं.

तू गेल्यावर मी त्या डावखुरीला सगळं सांगायचा प्रयत्न केला. सामानघर, बिल्ला, वीट. तिने वायर खोचता खोचता ऐकलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या घाईने बिघडलं?" मी म्हटलं, "नाही बाई, तुझ्या घाईने सापडलं." थांबली. मला वाटतं, मी तिला थांबलेलं पहिल्यांदाच बघितलं. मग म्हणाली, "काका, चष्मा ठीक आहे तुमचा," आणि गेली.

११२ही परवाच, मामीबरोबर, घरी गेल्या, नाडी ७९ झाली होती. नाव विचारायचं राहून गेलं.

खाली मामी लिहिते आहे.

टिटवे, मी मामी. हा तीन आठवडे माझ्याकडे न बघता त्या डब्याकडे बघत बसला होता, मला वाटलं टीव्ही समजतोय. आत्ता कळलं की तो मलाच बघत होता. मी बरी आहे. तू मनगट फार जोरात धरतेस.


२८ मार्च

मामा आणि मामी,

काल आजोबांनी भिंतीवरचा कागद काढला. मला वाटलं फाडणार. त्यांनी तो टेबलावर ठेवला, 'मनात दहा मोजा' वर एक सरळ रेघ मारली, खाली लिहिलं 'एका दमात, दोन्ही हातांनी' आणि परत लावला. चूक त्यांच्या नऊ वर्षांपूर्वीच्या ओळीत होती. मला वाटत होतं हे त्यांना कसं सांगायचं. सांगावं लागलंच नाही. त्यांनी स्वतःच मॅनेजरबाईंना सांगितलं, "तिने दार उघडलं म्हणून आतला मी दिसलो." दिवसातली बाकीची तीन वाक्यं त्यांनी मग शिल्लकच ठेवली.

दुरुस्ती किती ओळींची माहितीय? तीन. जुन्या निरोप्याला थांबव, तो थांबला याची खात्री कर, मगच कप्पा रिकामा कर. बस. तीन ओळी, सतरा मशीनं, नऊ वर्षं. दोन दिवस आम्ही आलटून पालटून डावखुऱ्या सिस्टरसारख्या वायरी ओढतोय, अकराशे वेळा, आणि एकही वीट हललेली नाही. या वेळी ती हलत नाही म्हणून मी खुश आहे. माझा बदल राहतोय. मीही राहतेय, बाईंनी काल पत्र दिलं.

मला अजूनही खरं वाटत नाही. त्या डब्यात सेकंदाला ३०,००० वेळा कुणीतरी कुणालातरी जागा देतं, आणि हे सगळं एवढ्यावर चालतं की काम झालं की प्रत्येकाने बिल्ला परत करावा आणि पुन्हा त्या कप्प्याकडे फिरकू नये. कुणी पहारा देत नाही. नुसता भरवसा. आणि तो तुटला ते कळलं कुणाला, तर ज्याला फोनवर माझं एक अक्षर ऐकू येत नाही त्याला.

आता एक अडलंय. दुरुस्ती पाठवताना खाली एक ओळ लिहायची असते: हे कुणाच्या लक्षात आलं. ती ओळ कायमची राहते. मशीनं भंगारात जातील, मी म्हातारी होईन, तरी ती असेल. मी तुझं नाव लिहिलं, मामा. मग थांबले. पाहिलं तू, पण घडवलं त्या सिस्टरच्या दोन हातांनी, आणि आपण काही केलंय हे तिला माहीतही नव्हतं. बोट आजोबांनी सात वेळा पुढे धरलं, स्वतःचीच चूक पकडायला. आणि जिचा आकडा चुकीच्या खाटेवर चमकला म्हणून हे सगळं सुरू झालं, तिला तर आपण ११२ म्हणूनच ओळखतो. मामी म्हणेल माझं लिही, तीन आठवडे पडून मी होते. तिचंही खोटं नाही.

आजोबांना विचारलं, ओळ एकच असते का? म्हणाले, "कितीही लिही. पण खरं लिही."

वायर बदलली की मशीन बंद-चालू करा असं सगळ्या हॉस्पिटलांना केव्हाच कळवलंय; दुरुस्ती पुढच्या सोमवारी पाठवायचीय, तोवर तुझं पत्र येईल. तुला काय वाटतं, तिथे कुणाकुणाचं नाव लिहू?

टिटवी